वानखडेंचे तीस दिवस

वानखडेंच्या दुकानात बारा महिने मार्चच असायचा. बाहेर शनिवार पेठेत गणपतीचे मांडव पडोत नाहीतर आकाशकंदील लागोत, आत त्या दहा बाय बाराच्या खोलीत, टेबलावरच्या ढब्ब्या संगणकाच्या उजव्या कोपऱ्यात तारीख दिसायची ती मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली.

कारण सरळ होतं. वानखडे मराठी अक्षरजुळणीचं जे सॉफ्टवेअर वापरत, ते तीस दिवस फुकट वापरून बघायचं होतं. आवडलं तर विकत घ्या, नाहीतर एकतिसाव्या दिवशी बंद पडेल, अशी बोली. वानखडेंनी ते एका मार्चमध्ये संगणकात घातलं, त्यांना आवडलं, आणि मुदत संपत आली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हे दिवस मोजणारा जो कोणी आत बसलाय, तो संगणकातलं घड्याळ बघून मोजतो. मग घड्याळच मागे घेतलं तर? तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडलं की ते आधी अगरबत्ती लावत, संगणक चालू करत, तारीख मागे घेत आणि मग हात जोडत. हात नक्की कोणाला जोडत, ते मी कधी विचारलं नाही.

"तीस दिवस पाहा म्हनते ना तो?" ते मला म्हणाले होते. "मी अजून पाहूनच राहिलो ना बाप्पा."

मी तेव्हा एका कॉलेजात मराठी शिकवत होते आणि फावल्या वेळात एका त्रैमासिकाची प्रुफं तपासत होते. त्रैमासिकाची जुळणी वानखडेंकडे असायची, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी मी त्यांच्या दुकानात. पन्नाशी उलटलेला, उंच, किंचित पोक काढून चालणारा माणूस. पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं, आणि बोलणं पार वऱ्हाडी. दर्यापूरजवळच्या खेड्यातून तीस वर्षांपूर्वी पुण्यात आलेले, पण भाषेला त्यांनी पुण्याचं पाणी लागू दिलं नव्हतं. पेठेतली गिऱ्हाइकं त्यांना जाता जाता शुद्ध करायला बघत. "वानखडे, 'पाणी' म्हणा, 'पानी' नव्हे." वानखडे म्हणत, "तुमी प्या ना जी, लागते सारखंच."

पुण्यात ते आले ते पिंपरीकडच्या एका कारखान्यात, लेथवर. बावीस वर्षं त्यांनी लोखंड कातलं. मग देशाचे दरवाजे उघडले, परदेशातून नवी यंत्रं आली, आणि सहा माणसांचं काम एकटं यंत्र करायला लागलं. कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढे ठेवला. त्यावर सही करण्याआधी वानखडे आपल्या जागी आलेलं यंत्र बघायला गेले. अर्धा तास उभे राहिले. याला चालवतं कोण, असं तिथल्या इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, कॉम्प्युटर. वानखडेंनी सही केली आणि मिळालेल्या पैशांतून पहिली खरेदी केली ती कॉम्प्युटरची.

"ज्यानं मले घरी पाठवलं, त्यालेच घरी घेऊन आलो," असं ते सांगत. त्यात कडवटपणा नसायचा. एखाद्याने पाहुण्याची ओळख करून द्यावी तसं सांगत.

लेथवरची एक सवय मात्र सुटली नव्हती. टेबलाच्या खणात त्यांची जुनी मोजपट्टी असायची, केसाइतकी जाडीही मोजणारी, पोलादी, सरकत्या जबड्याची. लग्नपत्रिका छापून आली की वानखडे ती पट्टी काढून समास मोजत. डावीकडे आणि उजवीकडे फरक निघाला की पत्रिका परत. मुलीचा बाप काकुळतीला येई, "अहो, मुहूर्त आठवड्यावर आलाय, कोण बघतंय एवढं!" वानखडे म्हणत, "मी पाहिलं ना. आता कसं करता?"

रोज अकरा वाजता समोरचे आपटे पेपर वाचायला येत. पोस्टातून निवृत्त झालेले, स्वतःचा पेपर न घेणारे. त्यांनी एकदा संगणकावरची तारीख बघितली आणि म्हणाले, "वानखडे, बाहेर ऑगस्ट आहे. तुमच्याकडे बसलं की माझं वय पाच महिन्यांनी कमी होतं. रोज येत जाईन."

"तसेही रोजच येता," वानखडे म्हणाले. पेठेने त्यांच्या भाषेला हात लावला नसला, तरी जिभेला थोडी धार लावली होतीच.

या मार्चने एकदा मात्र घोटाळा केला. जवळच्या एका सोसायटीची वार्षिक सभेची नोटीस वानखडेंनी जुळवून दिली. पत्रावर तारीख आपोआप यायची. एरवी ते आठवणीने ती खोडून खरी घालत, त्या दिवशी राहिली. सभा ऑगस्टची, नोटिशीवर तारीख मार्चची. सभेत एक सभासद उठून उभे राहिले. "नोटीस मार्चमध्ये काढली आणि माझ्या हातात परवा पडली. म्हणजे सेक्रेटरी ती पाच महिने उशाखाली घेऊन झोपले, असा अर्थ होतो. ही सभा बेकायदेशीर आहे."

बिचाऱ्या सेक्रेटरींना काय झालं तेच कळेना. त्यांनी माणूस पाठवून वानखडेंना बोलावून घेतलं. मी नेमकी दुकानात होते, म्हणून मीही मागोमाग गेले. छापखान्यावर ढकलता आलं असतं, मशीन बिघडलं म्हणता आलं असतं. वानखडे सतरंजीच्या कडेला उभे राहिले आणि म्हणाले, "सेक्रेटरी साहेबाची चूक नाई. माझ्या दुकानात मार्च महिना चालू हाये." आणि मग फुकटच्या सॉफ्टवेअरची सगळी हकिकत, अगरबत्तीसकट, त्यांनी भर सभेत सांगितली. लोक हसून हसून बेजार झाले. हरकत घेणारे सभासदही बसले, पण बसताना म्हणाले, "याची इतिवृत्तात नोंद व्हावी."

मला त्या माणसाचं कोडं वाटायचं ते इथे. खोटं बोलणं त्यांना जमायचंच नाही. एकदा एक क्लासवाले दुसऱ्या कोणाच्या गाइडची पानं घेऊन आले. मुखपृष्ठावर फक्त नाव बदलायचं होतं. वानखडेंनी गठ्ठा तसाच परत केला. "दुसऱ्याचं लेकरू मी तुमच्या नावावर चढवनार नाई." तो माणूस गेल्यावर मी संगणकाकडे बोट दाखवलं. "आणि हे, काका?"

"ते वेगयं."

"कसं वेगळं?"

त्यांनी फडकं उचललं. "ते कोनाचं हाये ते माहीत नाई ना," म्हणाले आणि उगाचच कीबोर्ड पुसायला लागले.

पुढे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. ती शहाणी होती. तारीख मागे घेतली की ओळखायची. वानखडे आठवडाभर बेचैन होते. मग हिंजवडीत नोकरीला असलेला त्यांचा भाचा एका शनिवारी आला आणि संगणकाच्या पोटात शिरून जुन्या खुणा कशा पुसायच्या ते दाखवून गेला. खुणा पुसल्या की सॉफ्टवेअर कोऱ्या पाटीने पुन्हा तीस दिवस मोजायला लागायचं. वानखडेंनी त्या अकरा पायऱ्या एका वहीत लिहून काढल्या, शेवटी 'जय गजानन' लिहिलं, आणि महिन्यातून एकदा, उपास सोडावा तशा शांतपणे, ते त्या पार पाडू लागले. दर वेळी पडद्यावर 'आपले स्वागत आहे' असं यायचं. "पाहा," ते म्हणत, "कंटायत नाई बिचारा."

याच काळात गुरुजी आले. लोणी काळभोरच्या शाळेतून निवृत्त झालेले, डोक्याला टोपी, बगलेत चार मोठ्या वह्या. गावातल्या मळ्यांवर कॉलेजं आणि इमारती उठत होत्या, आणि गुरुजी वीस वर्षं शिवारातले शब्द गोळा करत होते. मोटेच्या एकेका भागाचं नाव, मातीची नावं, पिकावरच्या किडींची नावं, वाऱ्यांची नावं. साखरेच्या आजाराने त्यांची नजर चालली होती. दिवाळीपर्यंत जेवढं दिसेल तेवढं दिसेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुस्तक त्याआधी हातात यावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

वह्या म्हणजे नुसता सांगाडा होता. गुरुजी आठवड्यातून तीनदा एसटीने येत, वानखडेंच्या शेजारी खुर्ची टाकून बसत आणि सांगत. "थारोळं लिवा. मोटंचं पानी जिथं वततं ती जागा." वानखडे टाइप करता करता म्हणत, "आमच्याकडे बी थारोयंच म्हनते." "थारोळं." "तेच ना, थारोयं." वानखडेंच्या तोंडात 'ळ' यायचा नाही, पण पडद्यावर तो नीट बसला नाही तर त्यांना चैन पडायचं नाही. असे पाच महिने गेले. निम्म्याहून अधिक पुस्तक वह्यांमध्ये नव्हतंच. गुरुजींच्या तोंडातून थेट संगणकात गेलं होतं.

आणि एका दुपारी पेठेतली वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि येताना वानखडेंचा संगणक जाळून आली.

फाइली सीडीवर उतरवलेल्या होत्या, त्यामुळे वानखडे घाबरले नाहीत. नवा संगणक आणला, सॉफ्टवेअर घातलं. पडद्यावर पाटी आली: 'आपली मुदत संपली आहे.' तारीख मागे घेतली, पाटी तीच. वही काढली. नव्या संगणकात त्या अकरा पायऱ्यांपैकी सातवी पायरीच नव्हती. सॉफ्टवेअर दिवसांची नोंद जिथे ठेवायचं ती जागाच या संगणकात नव्हती, आणि नोंद सापडली नाही की ते मुदत संपली असंच धरायचं. जिना मध्येच तुटलेला.

भाचा आला. त्याने डोकं खाजवलं. "मामा, हे सोडा आता. बाजारात दुसरी कितीतरी आहेत. एक-दोन तर पूर्ण फ्री आहेत." त्याने तीन वेगवेगळी सॉफ्टवेअरं घालून बघितली. तिन्ही उत्तम चालत होती, पण गुरुजींची फाइल उघडली की पडद्यावर टक्के, डॉलर आणि उलटे कंस. थारोळ्याच्या जागी एक प्रश्नचिन्ह आणि दोन चांदण्या. जुन्या सॉफ्टवेअरने अक्षरं आपल्या स्वतःच्या क्रमाने ठेवली होती. तो क्रम दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हता. कुलूप तोडलेली सीडी कुठेतरी मिळते, असं भाच्याला कोणीतरी सांगितलं होतं. ती आणली, तर तिने नव्या संगणकाला विषाणूची बाधा केली आणि दोन दिवस ते निस्तरण्यात गेले.

"मंग विकतच घेतो," वानखडे म्हणाले. सात वर्षांत पहिल्यांदा.

पण विकणारं कोणी नव्हतं. सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकावरचा फोन बंद होता.

गुरुजी आले तेव्हा वानखडेंनी काही लपवलं नाही. सगळं ऐकून गुरुजींनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "पुन्हा सांगाया बसलो तर सांगीन. पर तेच सगळं आठवंल का, ह्याचा भरवसा न्हाय." एवढं बोलून टोपी सारखी करून ते उठले. वानखडे त्यांना बसथांब्यापर्यंत सोडून आले आणि आल्यावर मला म्हणाले, "मॅडम, त्या माहितीपत्रकावर पत्ता हाये. कात्रजचा. चालता का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने कात्रजला गेलो. वानखडेंनी सोबत एक पाकीट घेतलं होतं. त्यात माहितीपत्रकावर छापलेल्या किमतीचे पैसे होते. डेअरीच्या पलीकडे एका साध्या इमारतीत दुसरा मजला. मी कचेरीची पाटी शोधत होते. दारावर पाटी होती ती नुसती 'दातार'. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. सॉफ्टवेअरचं नाव काढल्यावर त्या म्हणाल्या, "ते? ते यांनी केव्हाच बंद केलं." आणि आत बघून हाक मारली, "अहो, तुमच्या अक्षरांबद्दल कोणीतरी आलंय."

कंपनी म्हणजे हा एकटा माणूस होता. पंचेचाळिशीचे दातार, चट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात. त्यांनी ते सॉफ्टवेअर घरी बसून लिहिलं होतं, एकेक अक्षर स्वतः काढलं होतं. खपलं नाही, म्हणून बंद केलं. आता एका आयटी कंपनीत अमेरिकेतल्या बँकेची कामं करत होते.

वानखडे बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "मी वानखडे. तुमचं सॉफ्टवेअर सात वर्षं वापरून राहिलो. विकत न घेता."

दातारांनी हातातला कप खाली ठेवला. "किती?"

"सात वर्षं."

"तसं नाही. पानं किती केली असतील?"

वानखडे गडबडले. ते माफी मागायच्या तयारीने आले होते. "वीस-पंचवीस हजार तर झाले असतीन."

"पंचवीस हजार!" दातार बायकोकडे वळले. "ऐकलंस? पंचवीस हजार पानं." मग वानखडेंना हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि पुढे सरकून विचारलं, "'ळ' कसा वाटतो?"

"खराब हाये."

मी डोळे मिटून घेतले.

"खराब म्हणजे?"

"त्याचं एक पोट मोठं हाये. ओयीत आला का बाजूच्याले ढकलते. मी मोजलं ना. आनि 'ह्य' फुटते. आनि रफार दूर पडते."

दातार कागद आणि पेन्सिल घेऊन आले. सात वर्षांच्या तक्रारी वानखडेंच्या डोक्यात क्रमवार होत्या. त्यांनी त्या एकेक करून सांगितल्या आणि दातारांनी चुकार मुलाची प्रगती ऐकावी तशा लिहून घेतल्या. चहा दोनदा झाला. शेवटी न राहवून मीच गुरुजींचा विषय काढला.

दातारांचा चेहरा पडला. मुदत उघडणारे क्रमांक तयार करणारा त्यांचा जुना संगणक भंगारात गेला होता. "किल्ली नाही माझ्याकडे," ते म्हणाले. गुरुजींच्या फाइलींची सीडी वानखडेंनी टेबलावर ठेवली होती. दातारांनी ती उचलली, उलटसुलट केली. "पण अक्षरं कुठल्या क्रमाने ठेवली ते मला पाठ आहे. फाइल वाचायला सॉफ्टवेअर कशाला हवं? मी वाचतो."

त्यांनी चार दिवसांत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. गुरुजींची सगळी पानं त्याने युनिकोडमध्ये नेली, म्हणजे कोणत्याही संगणकावर उघडतील अशी केली. "आता पुन्हा कोणाच्या कुलपात अडकायला नको," दातार म्हणाले. "माझ्यासुद्धा." पहिलं पान उघडलं आणि थारोळं जसंच्या तसं दिसलं, तेव्हा वानखडेंनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ होता.

ते पाकीट मात्र दातार घेईनात. "कंपनी नाही, पावती नाही. पैसे कशाचे घेऊ?"

"मंग मी चोरच राहू का?" वानखडेंचा आवाज चढला. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं.

दातारांनी तक्रारींचा तो कागद काढला. "त्या 'ळ'साठी रविवारचे येत जा," म्हणाले.

पुढचे तीन-चार महिने वानखडे दर रविवारी पोलादी मोजपट्टी घेऊन कात्रजला गेले. दोघांनी मिळून सगळी बाराखडी नव्याने बसवली, आणि दातारांनी ती सर्वांसाठी फुकट ठेवून दिली, मुदतीशिवाय. "किती दिवस वापरता येईल?" असं आपट्यांनी विचारलं, तर वानखडे म्हणाले, "तुमी पेपर वाचता तितके."

गुरुजींचं पुस्तक दिवाळीच्या आधी आलं. पहिलंच नव्या अक्षरांतलं.

त्यानंतर वर्षभरात माझी बदली नाशिकला झाली, वानखडे दुकान आवरून मुलीकडे अकोल्याला गेले. फोन होत राहिले, भेट झाली नाही. मला ते दिसतात ते लोणी काळभोरला, प्रकाशनाच्या दिवशी.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. गुरुजी व्यासपीठावर पुस्तक डोळ्यांशी धरून बसले होते. भिंगातून का होईना, वाचता येत होतं. दातार सपत्नीक पहिल्या रांगेत होते. आभाराच्या वेळी वानखडेंचं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, पण वानखडे कुठे दिसेनात. मी शोधत मागच्या वर्गात गेले. लहान मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन ते बसले होते, आणि भोवती पुस्तकांचे गठ्ठे सोडलेले. हातात काळं पेन. एकेक प्रत उघडून ते काहीतरी करत होते आणि बाजूला रचत होते.

मी वाकून बघितलं. अर्पणपत्रिका. ज्या आईकडून हे शब्द ऐकले तिला, असं गुरुजींनी लिहिलं होतं, आणि खाली आईचं नाव. गंगूबाई. छापलं होतं गगूबाई. अनुस्वार नव्हता.

त्या पानाचं शेवटचं प्रूफ मी तपासलं होतं. सही माझी होती.

"काका," मी म्हटलं.

"कोनाले बोलू नका," ते मान वर न करता म्हणाले. "तीनशे प्रती हायेत. दीडशे झाल्या. गुरुजीच्या हातातली सकायीच केली."

बाहेर पाहुणे भाषण करत होते. मी समोरच्या बाकावर बसले, पर्समधून पेन काढलं आणि एक गठ्ठा पुढे ओढला. वानखडेंनी माझी पहिली प्रत मागून घेतली, उजेडाकडे धरून बघितली आणि परत दिली.

"टिंब बारीक द्या, ताई. छापल्यासारखं वाटलं पायजे."